ऐनवेळचे विषय

सभा अकराची. साहेब सव्वाबाराला आले.
तोवर हिंगोलीच्या जिल्हा परिषदेत
खुर्च्यांवरची धूळ लोकांनीच
बसून, उठून, पुन्हा बसून पुसली.
मी कडेच्या टेबलाशी. समोर रजिस्टर.
अंशदान निवृत्तिवेतन, तिमाही आढावा व तक्रार सभा.
विषय एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं कुणीच नाही. कायम झालं.

माझं काम एवढंच,
माणूस पाच मिनिटं बोलला
की त्याची एक ओळ करायची.

सत्वशीला वाव्हळ, आरोग्यसेविका.
पिशवीत एकोणीस वर्षांच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स,
लसीच्या डब्यात लावावं तशा थराथरानं.
"दर महिन्याला धा टक्के कापलेत साहेब,
पोलिओच्या थेंबावानी मोजून.
मंग चिठ्ठीत अकरा साल कामून कोरं हाय?
त्या साली मी मेल्ते का?
त्या साली मी चौऱ्याहत्तर बाळंतपणं केलीत."

मी लिहिलं: सन २०११-१२ च्या नोंदी अप्राप्त. तपासून कळविणे.

मग पडद्यावर आलेख आला.
तुमचा पैसा कसा वाढतो, ते दाखवणारा.
प्रोजेक्टरची वायर सैल,
रेघ सारखी वर-खाली थरथरायची.
"वायर हालायलीय का पैसाच हालायलाय?"
मागून कुणीतरी. सगळे हसले, साहेबसुद्धा.
टेकाळे ग्रामसेवक मात्र उभेच राहिले:
"मी जल्मात पुण्याच्या पुढं गेलो नाही.
माझा पैसा मुंबईला ऱ्हातो म्हणता.
ऱ्हाऊ द्या. पण वर्षातून एक पत्र तरी धाडंल का नाही?"

हे एका ओळीत बसेना.
मी लिहिलं: वार्षिक विवरणपत्राची मागणी.

सय्यद मुनाफ माईककडे गेलेच नाहीत.
सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर,
बैलाच्या लाथेनं कायमचा ताठलेला अंगठा,
एकतीस मेला सुटणार.
ते सरळ माझ्या टेबलाशी आले.
"मॅडम, सतरा महिने नै मेरे.
सबके आए, मेरेच नै."
त्यांनी चिठ्ठी पुढं केली. खात्याचे शेवटचे आकडे
चार सात एक तीन.

पंख्याखाली पानं उडत होती, मी तळहातानं दाबून धरली.
जुलै दोन हजार नऊ. माझी पहिली नेमणूक.
संगणक यायचा होता. हातानं उतरवायची शेड्यूलं,
अक्षर छान म्हणून मलाच दिलेली.
चार सात तीन एक.
मग दर महिन्याला मागच्या महिन्याचं बघून
मागच्या महिन्यासारखंच, नेटकं, वळणदार.
सतराव्या महिन्यानंतर माझी बदली झाली.

तीन एकवाले खिल्लारे शिपाई.
ते दहा सालीच वारले. मागं विचारायला कुणी आलं नाही.
म्हणजे इतकी वर्षं
मुनाफभाईंचे चारा-पाण्याचे पैसे
एका मेलेल्या माणसाच्या नावावर
त्या थरथरत्या रेघेबरोबर वाढत होते.

"ऐनवेळचे विषय?" साहेबांनी घड्याळ बघितलं.
"नसतील तर आभार मानून..."

माझा हात वर गेला.
पेन त्याच हातात होता.

काय बोलले ते नीट आठवत नाही.
चहा आला होता, तो तसाच ट्रेमध्ये राहिला.
वाव्हळबाईंनी पिशवीची गाठ सोडता सोडता थांबवली.
मुनाफभाई रजिस्टरात वाकून बघत म्हणाले,
"इत्ता खूबसूरत अक्षर. गलत कैसा होता?"

दुरुस्तीचा प्रस्ताव जाणार, वर तपासणार, परत येणार.
पुढची सभा ऑगस्टात.
त्यांना यायचं भाडं आता खिशातनं घालावं लागेल.

विषय सात, ऐनवेळचे विषय:
तिथं अर्धी ओळ कोरी आहे,
पुढं पांचाळ शिपायानं लिहिलंय, बॉलपेन दाबून,
"मॅडमनी चुक कबुल केली."
चू ऱ्हस्व. बू पण ऱ्हस्व.
ऑगस्टात वाचायची वेळ आली
तर मी ते दुरुस्त करणार नाही.